माळ्यावरचा तंबोरा मोडीत घालू नका!

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत हवा तो सुटा भाग कातून मिळतो. पण तंबोऱ्याचा मुख्य भाग शेतात पिकतो! तो कडू भोपळा पंढरपूरच्या बाजूला होतो आणि वाळवून, कोरून मिरजेच्या कारागिरांकडे जातो. म्हणून आजेसासूबाईंचा तंबोरा तडकलेला दिसला, तरी मैत्रिणींनो, लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका.

तडा पुष्कळदा सांधता येतो. घरी मात्र डिंक, लांबी, तेल काही लावू नये. कारागिराला आधी तेच खरवडत बसावे लागते. भोपळाच बदलायचा झाला तर मापाचा मिळेपर्यंत धीर धरावा. बायकांच्या तंबोऱ्याचा भोपळा पुरुषांच्यापेक्षा लहान असतो.

तारा आणि मणी वाद्यांच्या दुकानात मिळतात. खुंटी घसरत असेल तर खडू चोळून पाहा. खरे नाजूक काम घोडीचे! तिचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो. त्यावर तार हलकेच टेकते नि आवाज गुंजतो, हीच जवारी. तिथे खाचा पडल्या की तंबोरा मुका होतो. तिला कानस लावणे तुमचे-आमचे काम नव्हे. जुनी घोडी हस्तिदंती असली तरी तशीच नवी मागू नका; त्या व्यापाराला बंदी आहे.

मिरजेला शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतले, तेही म्हणे दुरुस्तीपासूनच. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुण्याहून थेट रेल्वे आहे. निघताना तारा सैल करा, भोपळा गोधडीत गुंडाळा आणि निघालेला टवकासुद्धा पिशवीत घ्या.