सीसीवरून बाइकचा स्वभाव कळत नाही

"पहिलीच गाडी आहे, 350 झेपणार नाही, त्यापेक्षा 200 घे." हा सल्ला काका देतात, मित्र देतात, शोरूममधला विक्रेताही मान डोलावतो. त्यामागे काळजी असते हे मान्य. पण इंजिन समजून घेतलं, तर हा सल्ला पुष्कळदा उलटा निघतो आणि त्याचा त्रास होतो तो नुकताच क्लच सोडायला शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला. म्हणून आधी या एका समजाचा नीट समाचार घेऊ.

गैरसमज: सीसी जास्त, म्हणजे गाडी अंगावर येणारी, सीसी कमी, म्हणजे गाडी गरीब.

वस्तुस्थिती: पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तिचं माप म्हणजे सीसी. त्या जागेतून किती ताकद काढली आहे आणि ती कोणत्या वेगाला मिळते, हे त्या आकड्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

रस्त्यावर नेहमी दिसणाऱ्या दोन गाड्या घ्या: रॉयल एनफिल्डची जे-सीरीज इंजिनाची क्लासिक 350 आणि बजाजच्या चाकण कारखान्यात बनणारी केटीएम 200 ड्यूक. दोन्हींना एकेकच सिलिंडर. दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, अगदी सारखा: 72 मिलिमीटर. फरक आहे तो स्ट्रोकमध्ये. क्लासिकचा पिस्टन 85.8 मिलिमीटर प्रवास करतो, ड्यूकचा फक्त 49. म्हणून पहिली 349 सीसीची आणि दुसरी 199.5 सीसीची.

आता कंपन्यांनी स्वतः दिलेले आकडे पाहा. क्लासिक: 6100 आरपीएमला 20.2 बीएचपी, 4000 आरपीएमला 27 न्यूटन मीटर टॉर्क. ड्यूक: 10,000 आरपीएमला सुमारे 25 बीएचपी, 8000 आरपीएमला 19.3 न्यूटन मीटर. दीडशे सीसीने लहान असलेली गाडी ताकदीत पुढे आहे. शिवाय क्लासिकचं वजन 195 किलो, तर ड्यूकचं 160 च्या आसपास. जास्त ताकद आणि कमी वजन, अशी गाडी "लहान आहे" म्हणून नवशिक्याच्या हाती द्यायची, हे कुठलं तर्कशास्त्र?

हे घडतं कसं? ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. टॉर्क कमी असला, तरी इंजिन खूप जोरात फिरवता आलं की ताकद वाढते. लांब स्ट्रोकच्या इंजिनाला ते जमत नाही, कारण प्रत्येक फेरीत पिस्टनला जास्त अंतर कापावं लागतं. 6100 आरपीएमला क्लासिकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 17 मीटर असतो. ड्यूकचा पिस्टन 10,000 आरपीएमलाही 16 मीटरच्या थोडाच वर जातो. क्लासिकचं इंजिन तितकंच फिरवायचं म्हटलं, तर हा वेग 28 च्या पुढे जाईल. ते इंजिन त्यासाठी बनवलेलंच नाही.

हाताला काय जाणवतं ते आता बघू. सिग्नल सुटला, नवशिक्याने क्लच जरा लवकर सोडला. सावकाश फिरणाऱ्या, जड फ्लायव्हीलच्या इंजिनात खालीच टॉर्क असतो. गाडी हुंकार देते आणि पुढे सरकते. जोरात फिरण्यासाठी बनवलेलं हलकं इंजिन त्याच चुकीला बंद पडतं. मागून हॉर्न वाजतात, मुलगा घाबरतो, पुढच्या वेळी जास्त रेस देऊन क्लच सोडतो आणि गाडी झटक्यासरशी उसळते. चूक त्याच्या हातांची कमी, चुकीच्या गाडीची जास्त.

क्लासिक सगळ्यांनीच घ्यावी, असा याचा अर्थ नाही. 195 किलो पार्किंगमधून मागे ओढणं किंवा अरुंद गल्लीत वळवणं कठीणच आहे. पण मग "जड आहे" हे कारण सांगा. "350 आहे" हे कारण नव्हे.

शंका असेल तर कायदे बघा. युरोपात ए-टू वर्गाच्या परवान्याला सीसीची मर्यादाच नाही. तिथे 35 किलोवॅट ताकद आणि किलोमागे 0.2 किलोवॅट एवढी अट आहे. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात सोळाव्या वर्षीच्या परवान्याला 50 सीसीची मर्यादा आहे. अठरा पूर्ण झाले की गिअरच्या मोटरसायकलचा एकच परवाना 100 सीसीलाही चालतो आणि 1000 लाही. निवडीची सगळी जबाबदारी मग घरच्यांच्या सल्ल्यावर येते. तो सल्ला तरी बरोबर हवा.

आता इतर समज, थोडक्यात.

"लांब स्ट्रोक म्हणजे जास्त टॉर्क." नाही. तेवढ्याच सीसीत स्ट्रोक वाढवला की बोअर कमी होतो आणि हिशेब फिटतो. वरच्याच आकड्यांत दर 100 सीसीमागे क्लासिक 7.7 न्यूटन मीटर देते, ड्यूक 9.7. टॉर्क कोणत्या आरपीएमला मिळतो, हे कॅमचं टायमिंग आणि व्हॉल्व्हचा आकार ठरवतात.

"चार व्हॉल्व्हच्या गाडीला खाली दम नसतोच." यामाहाची 155 सीसीची आर-15 इनटेकसाठी दोन वेगळे कॅम वापरते, एक 7400 आरपीएमच्या खाली आणि एक वर, तो याच अडचणीवर उपाय म्हणून.

"गाडी थरथरते म्हणजे इंजिनात दम आहे." ती पिस्टनच्या वजनाची असंतुलित हालचाल असते. जे-सीरीज इंजिनात बॅलन्सर शाफ्ट बसवल्यावर थरथर कमी झाली, ओढ गेली नाही.

"टॉप गिअरला तिशीने चालवली की मायलेज वाढतं." इंजिन धडधडत ओढत असेल, तर ते कष्टात आहे. एक गिअर खाली आणा.

"घाट उतरताना क्लच दाबून ठेवावा." कधीही नाही. इंजिनाचा ब्रेक गमावता आणि सगळा भार तापणाऱ्या ब्रेकवर टाकता.

तेव्हा पहिली गाडी घेताना माहितीपत्रकात तीन गोष्टी वाचा: कमाल टॉर्क किती आरपीएमला मिळतो, कमाल ताकद किती आरपीएमला आणि वजन किती. टॉर्कचा आकडा 4000 ते 6000 च्या दरम्यान असेल, तर गाडी शिकणाऱ्याला सांभाळून घेण्याची शक्यता जास्त. मग ट्रायल मागा, सोबत अनुभवी माणूस न्या आणि मोकळ्या चढावर थांबून फार रेस न देता गाडी उचलून बघा. ती न अडखळता उचलली आणि उभी असताना तुमच्या पायांना पेलली, तर तिचे सीसी कितीही असोत, निश्चिंत होऊन घ्या.