टाकीसाठी झिजणारी कांडी

अमेरिकेत पिकअपच्या मागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडून कुटुंबंच्या कुटुंबं भटकायला निघतात. या चाकांवरच्या घराची निगा म्हणजे छताच्या सांध्यांचं सीलंट तपासणं, बेअरिंगमध्ये ग्रीस भरणं, टायरची हवा आणि वय बघणं. सगळी गरजेची कामं. पण ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला एक लहानसं दार असतं, त्याच्यामागे पाणी तापवायची टाकी. त्या टाकीत जे चाललेलं असतं, ते बघून मी थक्क होतो.

बऱ्याच ट्रेलरमध्ये ही टाकी पोलादाची असते, सहा गॅलनची, म्हणजे साधारण २३ लिटरची. आतून तिला काचेसारखा लेप असतो. लेपाला कुठे ना कुठे बारीक तडा असतोच आणि गरम पाणी नेमकं तिथे पोलादाला भिडतं. खरं तर तिथून गंज सुरू व्हायला हवा. तो होत नाही, कारण टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. तिला म्हणतात अ‍ॅनोड रॉड. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा कितीतरी सहज इलेक्ट्रॉन सोडतं. पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने दोन्ही धातू आणि पाणी मिळून एक बॅटरीच तयार होते. कांडीतून निघालेले इलेक्ट्रॉन धातूतूनच पोलादाकडे जातात आणि पोलादाचे जागेवर राहतात. कांडी विरघळत जाते, टाकी शाबूत राहते. ना बटण, ना बाहेरची वीज!

ही युक्ती जहाजांसाठी निघाली. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्राचं पाणी ते खाऊन टाकत असे. १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं, की वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा ४०-५० चौरस इंच तांबं वाचवू शकतो. वाटाण्याएवढा! पुढे गंमत अशी झाली, की तांबं विरघळायचं थांबलं, तसं त्याचं विषही पाण्यात उतरेना. मग शिंपले आणि शेवाळ बुडाला खुशाल चिकटू लागले, जहाजं मंदावली आणि नौदलाने हा उपाय सोडून दिला. तत्त्व मात्र अचूक होतं. आज ते जमिनीखालच्या पाइपलाइनी राखतं आणि या टाकीलाही.

ट्रेलरवाले वर्षातून एकदा कांडी काढून बघतात. त्याआधी गॅस आणि वीज बंद करायची, पाणी पूर्ण थंड होऊ द्यायचं, आतला दाब सोडायचा. मगच पाना लावायचा. उकळत्या पाण्याशी खेळ नको. नवी कांडी गुळगुळीत असते, जुनी खडबडीत, जागोजागी खाल्लेली. तीन चतुर्थांश झिजली की बदलायची. कांडी झिजलेली दिसली, तर ती आपलं काम करत होती असं समजावं. गरम पाण्याला कधी सडक्या अंड्यांचा वास येतो, तो काही जिवाणू आणि मॅग्नेशियम यांच्या संगनमतातून. तेव्हा अ‍ॅल्युमिनियम-जस्ताची कांडी घालून बघतात. अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्यांना मात्र अशी कांडी नसते.

थंडीआधीचं मोठं काम म्हणजे टाकी आणि नळ रिकामे करणं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि नळ फोडतं. म्हणून नळांत गुलाबी रंगाचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ भरतात. मोटारीच्या इंजिनात घालतात ते नेहमीचं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे चुकूनही चालत नाही.

आपल्याकडे ट्रेलर क्वचितच दिसतो. पण घरातल्या साठवणीच्या गिझरची टाकी जर लेप दिलेल्या पोलादाची असेल, तर तिच्यात बहुधा हीच मॅग्नेशियमची कांडी आहे. पाणी क्षारयुक्त असेल तर ती लवकर संपते आणि मग पाणी पोलादाकडे वळतं. पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला, की त्याला ती काढून दाखवायला जरूर सांगा.