शर्यतींचा धनी कोण?

खो-खोचा किंवा हुतूतूचा मालक कोण, असा प्रश्न कोणी विचारल्यास आपणांस हसू येईल. जे खेळतात आणि जे आवडीने पाहतात त्या सर्वांचाच तो खेळ, असे उत्तर आपण देऊ. परंतु आजच्या जगात काही खेळ असेही आहेत की, ज्यांची मालकी कागदावर लिहिलेली असते, तिची किंमत ठरते आणि तिची खरेदी-विक्रीही होते. ‘फॉर्म्युला वन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या मोटारींच्या शर्यती हे त्याचे ठळक उदाहरण होय. २०१७ साली या शर्यतींची मालकी एका अमेरिकन कंपनीकडे गेली. मालक बदलला म्हणजे खेळही बदलतो काय, आणि बदलत असल्यास तो कोणत्या वाटेने, हे येथे पाहावयाचे आहे.

या शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानतळ म्हणून वापरलेल्या जागेवर तेथील मार्ग तयार करण्यात आला होता. इटलीच्या ज्युसेप्पे फारीना याने ती शर्यत जिंकली आणि त्या वर्षीचे अजिंक्यपदही मिळविले. एका शर्यतीत साधारणपणे ३०५ किलोमीटर अंतर तोडावे लागते. प्रत्येक संघ आपल्या गाडीची रचना स्वतः करतो. त्यामुळे ही स्पर्धा जितकी चालकांच्या कौशल्याची तितकीच अभियंत्यांच्या बुद्धीची, आणि अर्थातच पैशाचीही असते.

या खेळात तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ. नियम करणे, गाड्या तपासणे आणि चालकांच्या सुरक्षिततेची काळजी वाहणे हे त्याचे काम. दुसरा पक्ष गाड्या बांधणाऱ्या संघांचा. तिसरा पक्ष व्यापारी हक्कांच्या धन्याचा. नाटकाचा कंत्राटदार ज्याप्रमाणे गावोगावी प्रयोग लावतो, त्याप्रमाणे हा धनी शर्यती कोठे भरवावयाच्या ते ठरवितो, दूरचित्रवाणीचे हक्क विकतो आणि जाहिरातदार मिळवितो. उत्पन्नाचा मोठा भाग तो संघांना वाटून देतो व उरलेला स्वतः ठेवतो. मालकी बदलली ती या तिसऱ्या पक्षाची.

हे हक्क प्रथम एकत्र केले ते बर्नी एक्लस्टन या इंग्रज गृहस्थाने. तो स्वतः ब्रॅबम या संघाचा मालक होता. पूर्वी प्रत्येक संघ प्रत्येक शर्यतीच्या चालकमंडळाशी वेगवेगळी बोलणी करीत असे. एक्लस्टनने संघांची एकजूट केली आणि सर्वांच्या वतीने तो एकटा बोलू लागला. १९८१ साली झालेल्या कराराने या व्यवस्थेला स्थैर्य आले. पुढे, जो नियम करतो त्यानेच व्यापारही करू नये, असा आक्षेप युरोपियन कमिशनने घेतला, आणि २००१ च्या सुमारास नियम व व्यापार यांची फारकत झाली. महासंघाने व्यापारी हक्क सुमारे ३१ कोटी डॉलरांना भाडेपट्ट्याने दिले, तेही २०११ पासून तब्बल १०० वर्षांसाठी! २००६ साली या व्यवसायाचा ताबा सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीकडे गेला. आणि २३ जानेवारी २०१७ रोजी लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीने तो विकत घेतला. कर्जासह या व्यवसायाचे मोल ८०० कोटी डॉलर ठरले होते. एक्लस्टनच्या जागी चेस केरी हे कारभारी झाले.

आता मालकाचा हात खेळापर्यंत कसा पोहोचतो ते पाहू. उत्पन्नाच्या वाटा मुख्यतः तीन आहेत : शर्यत भरविणाऱ्यांनी द्यावयाची फी, प्रक्षेपणाचे हक्क आणि जाहिराती. एक्लस्टनची भिस्त मोठ्या फीवर होती आणि तरुण प्रेक्षक जमविण्याची त्याला विशेष ओढ नव्हती. करमणुकीच्या व्यवसायात मुरलेल्या लिबर्टीने उलट विचार केला. प्रेक्षक वाढले तर प्रक्षेपण, जाहिराती आणि फी ही तिन्ही आपोआप वाढतील, हे तिचे गणित होते. म्हणून चालकांना व संघांना समाजमाध्यमांवर चित्रफिती देण्याची मोकळीक मिळाली. २०१९ पासून नेटफ्लिक्सवर पडद्यामागील घडामोडी दाखविणारी मालिका सुरू झाली, आणि शर्यती कधी न पाहिलेले लोकही चालकांना नावाने ओळखू लागले. शर्यतीपूर्वी गाड्यांजवळ तरुणी उभ्या करण्याची प्रथा २०१८ साली बंद झाली आणि त्यांच्या जागी मुले-मुली उभी राहू लागली.

दुसरा बदल अधिक खोल होता. श्रीमंत संघ पाण्यासारखा पैसा ओतीत आणि लहान संघ बुडत. २०१२ ते २०१७ या काळात एचआरटी, केटरहॅम आणि मॅनर असे तीन संघ बंद पडले. पळणारे दोघेच असतील तर शर्यत कोण पाहणार? नव्या मालकांनी व महासंघाने मिळून २०२१ पासून संघांच्या वार्षिक खर्चावर १४.५ कोटी डॉलरांची मर्यादा घातली. चालकांचे पगार तिच्या बाहेर ठेवण्यात आले. ही मर्यादा म्हणजे जादूची कांडी मात्र नव्हे. २०२३ साली २२ पैकी २१ शर्यती रेड बुल या एकाच संघाने जिंकल्या. तथापि २०२४ साली सात निरनिराळ्या चालकांनी प्रत्येकी किमान दोन शर्यती जिंकल्या आणि मॅक्लारेन संघाला १९९८ नंतर प्रथमच संघांचे अजिंक्यपद लाभले.

या चित्राची दुसरी बाजूही आहे. २०१७ साली २० शर्यती होत्या, त्या २०२४ साली २४ झाल्या. अमेरिकेत ऑस्टिन येथे एक शर्यत होत असे. २०२२ साली मायामी व २०२३ साली लास व्हेगास यांची तीत भर पडली. प्रत्येक वाढत्या शर्यतीबरोबर यांत्रिकांचे घरापासून दूर राहण्याचे दिवसही वाढले. जुन्या मार्गांना फीचा भार पेलवेना. सिल्व्हरस्टोनचा मालक असलेल्या चालकांच्या क्लबने २०१७ साली परवडत नाही म्हणून करार संपविण्याची नोटीस दिली. २०१९ साली नवा करार झाला तेव्हा ती शर्यत वाचली. बेल्जियममधील स्पा येथील विख्यात शर्यत २०२८ व २०३० साली होणार नाही, असे ठरले आहे. ग्रेटर नोएडा येथील शर्यत तर २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे टिकली. तिन्ही वेळा सेबॅस्टियन फेटेल जिंकला आणि पुढे शर्यती थांबल्या. ती गोष्ट लिबर्टीच्या आधीची. यावरून फीचा प्रश्न एकट्या नव्या मालकाचा नव्हे, हे ध्यानात येईल.

मालकाच्या सत्तेला मर्यादाही आहे. चालकाच्या डोक्यावरील ‘हेलो’ ही संरक्षक कमान महासंघाने २०१८ पासून सक्तीची केली. ती गाडीची शोभा घालविते, अशी ओरड तेव्हा झाली होती. २०२० साली बहारीन येथे रोमँ ग्रोजाँ याची गाडी लोखंडी कठडा फोडून आत घुसली व पेटली. तरी तो जिवंत बाहेर आला, त्यात या कमानीचा मोठा वाटा होता. सुरक्षिततेचा निर्णय तिकीट विकणाऱ्याच्या हाती का असू नये, हे या एका प्रसंगावरून पटावे.

२०२५ साली लिबर्टीने मोटारसायकलींच्या ‘मोटोजीपी’ या शर्यती चालविणारी डोर्ना कंपनीही घेतली. २००६ साली सीव्हीसीला मात्र मोटारींच्या शर्यती हाती घेताना डोर्ना विकावी लागली होती. कारण दोन्ही खेळ एका हाती असणे युरोपियन कमिशनला मान्य नव्हते. तेव्हा जे नाकारले गेले ते आता मान्य झाले. म्हणूनच या मालकाच्या कारभाराकडे बारकाईने पाहणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

मालकाने नफा पाहू नये, असे कोणी म्हणणार नाही. नफ्याच्या विचारातूनच लहान संघांना जीवदान मिळाले, हेही खरे. परंतु सोन्याची अंडी देणाऱ्या कोंबडीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. स्पा व सिल्व्हरस्टोन यांसारख्या मार्गांनी सत्तर वर्षांत जे नाव मिळविले, त्या नावाचीच किंमत नव्या मालकाने मोजली. ते मार्ग फी देण्यास असमर्थ ठरले म्हणून गळून पडले, तर विकत घेतलेल्या वस्तूचेच मोल घटेल. मुलांनो, तुम्ही जो खेळ आवडीने पाहाल, त्याचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, याचीही चौकशी करीत जा. मालकाला विचारी प्रेक्षकाचा धाक असणे हे खेळाच्या हिताचेच आहे.