लक्षणाचे दोष आणि ओसरीतली पाकोळी

आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलेला एक धडा आज एका इवल्याशा प्राण्यावर पारखून पाहू. नैयायिक म्हणतात, लक्षण अतिव्याप्त नसावं आणि अव्याप्तही नसावं. शिंगं हे गाईचं लक्षण मानलं, तर म्हैसही आत येते. पांढरा रंग मानलं, तर काळी गाय बाहेर राहते. गळ्याखालची पोळी हे मात्र नेमकं लक्षण.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तिन्हीसांजेला दिव्याभोवती भिरभिरणाऱ्या लहान वटवाघळाला लोक पाकोळी म्हणतात. एका पक्ष्यालाही पाकोळीच म्हणतात! म्हणजे नावापासूनच अतिव्याप्ती.

असं वटवाघूळ ओसरीत पडलेलं दिसलं, तर ओळखायचं कसं? नाकावर पानासारखी चामडीची घडी असेल, तर गट वेगळा. शेपूट उंदरासारखी मोकळी लोंबत असेल, तरी वेगळा. नाक साधं, शेपूट जवळजवळ टोकापर्यंत पायांमधल्या पडद्यात, कानाच्या तोंडाशी आखूड, बोथट चामडीची जीभ. एवढं जमलं की आपण 'पिपिस्ट्रेल' गटाजवळ आलो.

खरी अडचण पुढे आहे. 'पिपिस्ट्रेलस टेन्युइस' या जातीत कोपर ते मनगट हे अंतर साधारण २५ ते ३० मिलिमीटर. 'कोरोमांड्रा'त ते सुमारे २६ ते ३४. मोजमाप ३३ आलं, तर टेन्युइस नव्हे, हे नक्की. २८ आलं तर? ते दोघींनाही लागू. शिवाय पंखाआड उजेड धरल्यावर बोटांच्या सांध्यांत फिकट पट्टे दिसले, तर ते पिल्लू आहे. त्याचं माप अजून पुरं व्हायचंय.

निर्णय बहुधा दात, कवटी आणि नराच्या लिंगातलं बारीक हाड यांवर होतो. जिवंत प्राण्यात हे सगळं कुठून पाहणार? आवाजाचीही मदत होते. युरोपात एकच समजली जाणारी पिपिस्ट्रेल १९९०च्या दशकात ४५ आणि ५५ किलोहर्ट्झच्या हाकांवरून दोन जातींत विभागली गेली.

म्हणून माप २८ असेल, तर नोंद 'पिपिस्ट्रेलस, जात अनिश्चित' अशीच करावी. सगळ्यांनी अंदाजाने 'टेन्युइस' लिहिलं, तर उद्या दुसरी जात जिल्ह्यातून कमी होत गेली तरी नोंदवहीत ते दिसणारच नाही. आणि हो, उघड्या हाताने शिवू नका. जाड मोजे घाला, फोटो घ्या, जागा-तारीख लिहा. अंधार पडला की उंच, खरबरीत भिंतीवर ठेवा. धड असेल तर आपसूक उडेल.