फ्रेंच राज्यक्रांती : करांचे ओझे आणि गावोगावची गाऱ्हाणी

फ्रेंच राज्यक्रांतीचा पाठ वर्गात बहुधा १४ जुलै १७८९ या दिवसापासून सुरू होतो. पॅरिसमधील बॅस्टिलचा किल्ला पडतो, पुढे राजाचा शिरच्छेद होतो आणि अखेरीस नेपोलियन अवतरतो. मुलांना ही हकीकत रंजक वाटते, यात शंका नाही. परंतु राजा ईश्वराच्या इच्छेने राज्य करतो असे पिढ्यान्‌पिढ्या मानणारी प्रजा त्याच राजाविरुद्ध का उठली, या प्रश्नाचा उलगडा तीतून होत नाही. ‘लोक गरीब होते म्हणून’ हे उत्तरही अपुरे आहे. फ्रान्समध्ये दुष्काळ आणि भूक यापूर्वी अनेकदा येऊन गेली होती. पण त्यातून राज्यक्रांती झाली नव्हती. १७८९ मध्ये वेगळे काय घडले, हे शिक्षकाने प्रथम स्वतः समजून घेतले पाहिजे.

तीन वर्ग

त्या काळी फ्रान्सची लोकसंख्या सुमारे २ कोटी ८० लाख होती. कायद्याने या लोकांचे तीन वर्ग पाडलेले होते. पहिला वर्ग धर्मगुरूंचा, दुसरा उमरावांचा आणि उरलेले सर्व लोक तिसऱ्या वर्गात. पहिले दोन वर्ग मिळून लोकसंख्येच्या शेकडा दोनही नव्हते. वकील, डॉक्टर, श्रीमंत व्यापारी, कारागीर, मजूर आणि शेतकरी हे सारे तिसऱ्या वर्गातच मोडत. आणि त्यांत बहुसंख्य खेड्यातील शेतकरीच होते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. पहिल्या वर्गातील सर्वच धर्मगुरू सुखवस्तू नव्हते. बहुतेक सर्व बिशप उमराव घराण्यांतून आलेले असत. खेड्यातील साधा धर्मगुरू मात्र तुटपुंज्या उत्पन्नावर राही आणि गावकऱ्यांचे हाल रोज डोळ्यांनी पाही. पुढे जून १७८९ मध्ये अशा अनेक धर्मगुरूंनी तिसऱ्या वर्गाची बाजू घेतली, त्याचे मूळ या परिस्थितीत आहे.

शेतकऱ्याच्या पाठीवरील भार

राजाचा मुख्य कर ‘ताय’ या नावाने ओळखला जाई. त्यातून धर्मगुरू व उमराव जवळजवळ संपूर्णपणे मुक्त होते. काही कर उमरावांनाही लागू होते. पण वजन वापरून त्यांत सवलत मिळविणे त्यांना कठीण नव्हते. शेतकऱ्याला मात्र सुटका नव्हती. तायखेरीज मीठपट्टी होती. तिचा दर प्रांतोप्रांती निराळा असे. आणि जेथे ती कडक होती, तेथे आठ वर्षांवरील प्रत्येक माणसामागे ठरावीक मीठ सरकारी कोठारातून विकत घेणे सक्तीचे होते. सरकारी रस्त्यांसाठी वेठबिगार करावी लागे. पिकाचा काही भाग चर्चला द्यावा लागे.

याशिवाय जहागीरदाराचे हक्क वेगळेच. अनेक ठिकाणी धान्य त्याच्याच गिरणीत दळावे आणि पाव त्याच्याच भट्टीत भाजावा, असा दंडक होता. आणि त्याबद्दल मोबदलाही द्यावा लागे. शिकारीचा हक्क फक्त त्याचा. त्याची कबुतरे व ससे उभे पीक खाऊन गेले, तरी शेतकऱ्याने त्यांना मारणे हा गुन्हा ठरे.

आर्थर यंग हे इंग्रज शेतीतज्ज्ञ त्या सुमारास फ्रान्समध्ये प्रवास करीत होते. १२ जुलै १७८९ रोजी, म्हणजे बॅस्टिल पडण्याच्या दोनच दिवस आधी, ईशान्य फ्रान्समधील एका चढावर त्यांना एक शेतकरी स्त्री भेटली. तिच्या नवऱ्याजवळ जमिनीचा लहानसा तुकडा, एक गाय आणि एक मरतुकडा घोडा होता. घरात सात मुले होती. एका जहागीरदाराला गहू आणि तीन कोंबड्या, दुसऱ्याला ओट धान्य, एक कोंबडी आणि थोडी रोकड, आणि त्यावर राजाचे कर, असा हिशेब तिने त्यांना सांगितला. वाकलेले शरीर आणि सुरकुतलेला चेहरा पाहून ती साठी-सत्तरीची असावी असे त्यांना वाटले. तिचे वय होते अवघे २८. गरिबांसाठी कोणी मोठी माणसे काहीतरी करणार आहेत असे तिच्या कानावर आले होते. कोण आणि कसे, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. करांच्या यादीपेक्षा या एका प्रसंगाने मुलांना त्या काळाची अधिक कल्पना येईल.

रिता खजिना आणि महाग पाव

एवढे कर घेऊनही राजाचा खजिना रिकामाच होता. इंग्लंडविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकन वसाहतींना साहाय्य करण्यासाठी फ्रान्सने १७७८ नंतर मोठे कर्ज काढले होते. १७८८ पर्यंत अशी वेळ आली की, सरकारच्या एकूण खर्चाचा सुमारे निम्मा भाग जुन्या कर्जापायीच जाऊ लागला. गरिबांकडून आणखी कर वसूल होणे शक्य नव्हते. उपाय एकच उरला होता, तो म्हणजे सवलत उपभोगणाऱ्यांनीही आपला वाटा उचलावा. १७७६ मध्ये तुर्गो या मंत्र्याने रस्त्यांची वेठबिगार बंद करून त्याचा भार सर्व जमीनमालकांवर टाकण्याचा यत्न केला. त्याला त्याच वर्षी पदावरून जावे लागले. १७८७ मध्ये कालोन या मंत्र्याने सर्वांना समान जमीनकर सुचविला. बड्या लोकांच्या सभेने तो मानला नाही. सुधारणेची दारे अशी एकामागून एक लावली गेली.

त्यातच १३ जुलै १७८८ रोजी उत्तर फ्रान्सच्या मोठ्या भागात भयंकर गारपीट होऊन उभी पिके झोडपली गेली. पुढचा हिवाळा अत्यंत कडक गेला. पॅरिसमध्ये सुमारे दोन किलो वजनाच्या पावाची किंमत ९ ‘सू’ होती. ती फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सूंवर गेली. साध्या मजुराची रोजची कमाई २० ते ३० सू एवढीच असे.

गाऱ्हाण्यांच्या वह्या

या पेचात राजा सोळावा लुई याने तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची जुनी सभा, ‘इस्टेट्स जनरल’, बोलाविली. ही सभा यापूर्वी १६१४ मध्ये भरली होती. म्हणजे मधल्या पावणेदोनशे वर्षांत ती एकदाही भरली नाही. प्रतिनिधी निवडताना प्रत्येक गावाने आपली गाऱ्हाणीही लेखी कळवावीत, अशी प्रथा होती. त्यानुसार १७८९ च्या वसंत ऋतूत खेडोपाडी सभा भरल्या. कर भरणारे, पंचविशी ओलांडलेले पुरुष एकत्र जमले आणि ज्याला लिहिता येत होते त्याने गावाची वही लिहून काढली. अशा सुमारे ६० हजार वह्या तयार झाल्या.

या वह्यांत राजाला पदच्युत करण्याची मागणी नव्हती. बहुतेकांत राजाविषयी आदर व विश्वासच व्यक्त झाला होता. मागण्या साध्या होत्या: कर सर्वांनी सारखे द्यावेत, मीठपट्टी जावी, जहागीरदाराचे जाचक हक्क कमी व्हावेत. परंतु या लेखनातून एक मोठी गोष्ट घडली. जे दुःख प्रत्येक जण आपल्या नशिबाचे म्हणून सोसत होता, ते शेजारच्या गावाचेही आहे आणि त्याला कारण आहे, हे लोकांना उमगले. गाऱ्हाणे कागदावर आले, तेव्हा आशा उत्पन्न झाली. आणि आशा उत्पन्न करून ती धुळीला मिळविणे ही कोणत्याही सत्तेच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची गोष्ट होय.

घडले तसेच. ५ मे १७८९ रोजी व्हर्साय येथे सभा भरली. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी जवळजवळ निम्मे होते. पण जुन्या रीतीप्रमाणे माणशी मत न मोजता प्रत्येक वर्गाला एकच मत द्यावे, असा उमरावांचा आग्रह होता. म्हणजे दोन विरुद्ध एक हा निकाल आधीच ठरलेला. कित्येक आठवडे हा वाद मिटला नाही. अखेर १७ जून रोजी तिसऱ्या वर्गाने स्वतःला ‘राष्ट्रीय सभा’ म्हणून घोषित केले आणि २० जून रोजी राज्यघटना तयार झाल्यावाचून न पांगण्याची शपथ घेतली. राजाने पॅरिसभोवती सैन्य जमविले व लोकांना विश्वास वाटणाऱ्या नेकर या मंत्र्याला ११ जुलैला काढून टाकले. तीन दिवसांनी बॅस्टिल पडली. खेड्यांत शेतकऱ्यांनी जहागीरदारांच्या वाड्यांवर चाल करून हक्कांची दप्तरे जाळली.

काय मिळाले, काय राहिले

४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी विशेषाधिकार रद्द करण्याचे ठरविले आणि २६ ऑगस्टला मानवी व नागरी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. तथापि जमिनीवरील अनेक देणी भरपाई दिल्याखेरीज सुटणार नव्हती. ती भरपाईवाचून नष्ट होण्यास जुलै १७९३ उजाडावा लागला. दरम्यान जून १७९१ मध्ये राजाने देशाबाहेर निसटण्याचा प्रयत्न केला, आणि उरलासुरला विश्वासही गेला. सप्टेंबर १७९२ मध्ये राजेशाही संपुष्टात आली व २१ जानेवारी १७९३ रोजी राजाचा वध झाला. नंतरच्या दहशतीच्या पर्वात हजारो लोकांना, त्यांत सामान्य माणसांनाही, देहदंड झाला. १७९९ मध्ये सत्ता नेपोलियनच्या हाती गेली.

समतेची घोषणाही अपुरीच राहिली. १७९१ च्या घटनेने मताचा अधिकार ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांनाच दिला. पावासाठी ५ ऑक्टोबर १७८९ रोजी व्हर्सायवर चालून गेलेल्या आणि राजाला पॅरिसला आणणाऱ्या स्त्रियांना मत नव्हते. फ्रान्समध्ये तो अधिकार स्त्रियांना १९४४ मध्ये मिळाला. फ्रेंच वसाहतींतील गुलामांना स्वातंत्र्यासाठी स्वतःच लढावे लागले. त्या लढ्यातूनच १८०४ मध्ये हैती हे स्वतंत्र राष्ट्र उदयास आले.

या विचारांचा प्रवाह महाराष्ट्रापर्यंतही पोहोचला. फ्रेंच क्रांतीचे समर्थन करणारे टॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक जोतीराव फुले यांनी १८४७ मध्ये वाचले आणि त्याचा त्यांच्या विचारांवर खोल परिणाम झाला. स्वातंत्र्य, समता व बंधुता हे शब्द भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत आहेत. मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ च्या आपल्या आकाशवाणी भाषणात, ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीपासून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे स्पष्ट केले होते. शिक्षकांनी हा भेद मुलांना अवश्य सांगावा.

पाठ घेताना

भाकरी नसेल तर केक खा, असे राणी मारी आंत्वानेत म्हणाली, ही गोष्ट वर्गात सांगू नये. तशी कथा रूसोच्या आत्मचरित्रात एका अनामिक राजकन्येविषयी येते, आणि तो भाग राणी १७७० मध्ये फ्रान्सला येण्याआधीच लिहिला गेला होता. बॅस्टिलमध्ये कैद्यांची गर्दी होती, असेही सांगू नये. तेथे केवळ सात कैदी होते. किल्ल्याचे महत्त्व तो अनियंत्रित सत्तेचे प्रतीक असल्यामुळे होते.

फळ्यावर एक हिशेब मांडावा: मजुरी २० सू, पाव ९ सू, उरले किती? पाव साडेचौदा सू झाल्यावर उरले किती? सुट्टीच्या दिवशी मजुरी नाही, पण भूक आहे, मग काय? नंतर वर्गाचे तीन गट करून आधी वर्गवार व मग माणशी मत घ्यावे. दोन्ही निकाल शेजारी लिहिले की, १७८९ चा वाद मुलांना आपोआप कळेल. शेवटी प्रत्येकाकडून एका फ्रेंच गावाची पाच ओळींची गाऱ्हाण्याची वही लिहून घ्यावी. ती लिहून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे, की हे गाऱ्हाणे वेळीच ऐकले गेले असते तर काय झाले असते? या प्रश्नावर मुले विचार करू लागली, म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.