अंदमानची काटकसरीची सहल आणि आपले नियम

समुद्राने वेढलेल्या बेटावर सुट्टी घालवणे ही धनिकांची चैन आहे, असा समज आपल्या व्यापारी कुटुंबांत अद्याप दृढ आहे. त्यात आहाराच्या नियमांची भर पडली की गृहस्थासमोर दोनच मार्ग उरलेले दिसतात. स्वयंपाकी महाराज सोबत नेणारी महागडी सहल पत्करावी, अथवा 'प्रवासात सर्व चालते' असे म्हणून चार दिवस नियम बाजूस ठेवावेत. अंदमानच्या बाबतीत तिसराही मार्ग आहे. तो स्वस्त आहे, आणि तो स्वस्त होण्यात आपल्या नियमांचाच मोठा वाटा आहे.

रोज चौदा नियम धारण करणाऱ्या श्रावकास द्रव्य, वाहन, शयन आणि दिशा हे शब्द परिचित आहेत. आज किती पदार्थ घेईन, कोणती वाहने वापरीन, कोठे निजेन, किती दूर जाईन, याची मर्यादा तो सकाळीच ठरवतो. प्रवासखर्चाची मुख्य खाती हीच आहेत.

प्रथम दिशा. अंदमान-निकोबारमध्ये शेकडो बेटे आहेत, आणि सहा दिवसांत अधिकाधिक बेटे 'करून' येण्याच्या हव्यासातच पैसा सांडतो. प्रत्येक नव्या बेटामागे बोटीचे भाडे, धक्क्यापासूनची गाडी आणि सामान बांधण्यात गेलेला अर्धा दिवस असतो. बेतात राहणाऱ्या कुटुंबाने राजधानी श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथे दोन रात्री आणि स्वराज द्वीप (हॅवलॉक) किंवा शहीद द्वीप (नील) यांपैकी एका ठिकाणी तीन-चार रात्री राहावे. लहान मुले व वडीलधारी मंडळी सोबत असतील, तर शहीद द्वीप अधिक सोयीचे. हे बेट लहान आहे. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर हे किनारे सायकलने सहज पाहता येतात.

कालमर्यादाही महत्त्वाची. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्ष या काळात विमानभाडे व खोल्यांचे दर चढतात. चातुर्मासात अनेक कुटुंबे प्रवास टाळतात, आणि अंदमानातही तो बहुतांशी पावसाचाच काळ असतो. मकरसंक्रांतीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत गर्दी ओसरते, समुद्र बहुधा शांत असतो आणि पेढीवर मार्चअखेरची धावपळ अजून सुरू व्हायची असते. मुलांच्या शाळेमुळे ज्यांना उन्हाळ्यातच जावे लागते, त्यांनी एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला आठवडा गाठावा. कारण मोसमी पाऊस अंदमानात केरळच्याही आधी पोहोचतो.

दुसरे खाते वाहनाचे. चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम येथून जहाजे जातात, परंतु एका वेळेच्या प्रवासास सुमारे तीन दिवस लागतात. दुकान बंद ठेवून निघालेल्या माणसाला वेळ हीदेखील मुद्दलच आहे. त्यामुळे चेन्नईपर्यंत रेल्वे आणि तेथून सुमारे दोन तासांचा विमानप्रवास हा मध्यममार्ग पुष्कळांना परवडतो. तिकिटे मात्र काही महिने आधी काढावीत. बेटांमधील प्रवासासाठी खासगी वातानुकूलित बोटी आहेत, तशाच प्रशासनाच्या फेरीबोटीही आहेत. सरकारी बोटीचे भाडे पुष्कळच कमी असते. वेळ थोडा अधिक लागतो, पण डेकवर उभे राहून समुद्र पाहता येतो. जागा लवकर भरतात, हे ध्यानात ठेवून परतीचे तिकीटही आधीच घ्यावे. हवामान बिघडल्यास फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी राजधानीत पोहोचलेले असावे. हा एक दिवस वाचवू पाहणाऱ्यास बुडालेल्या विमानतिकिटाचा भुर्दंड पडू शकतो. स्वराज द्वीपावर धक्क्यापासून राधानगर किनारा सुमारे बारा किलोमीटर आहे. तेथे बस जाते; दिवसभराची मोटार घेण्याचे कारण नाही.

तिसरे खाते शयनाचे. समुद्र समोर दिसणारी खोली महाग, आणि तीच दोन-तीनशे पावले आत गेल्यावर स्वस्त. किनारा तर सर्वांसाठी मोकळा आहे. खोली ठरवताना दोन प्रश्न आधीच विचारावेत : विजेचा लहान कुकर व किटली वापरू देता का, आणि जवळ शाकाहारी भोजनालय आहे का. बेटावर मासळी हाच मुख्य आहार असल्याने घरगुती निवासातील भांडी वापरण्यापेक्षा आपली दोन भांडी नेलेली बरी. मूग, तांदूळ, खाकरे, मेतकूट, मुरमुरे एवढ्या शिध्यावर एका वेळेचे जेवण सहज निभावते. केळी, पपई, नारळ तेथे मिळतात. उकळलेले पाणी पिणाऱ्यांना किटली उपयोगी पडते, आणि बाटलीबंद पाण्याचा खर्चही वाचतो.

आता चौविहाराचा प्रश्न. अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला, घड्याळ मात्र भारताचे एकच. त्यामुळे डिसेंबरात तेथे सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो; मुंबईपेक्षा जवळजवळ तासभर आधी. जानेवारी-फेब्रुवारीत ही वेळ थोडी पुढे सरकते. भोजनालयांत रात्रीच्या जेवणाची तयारी तेव्हा सुरूही झालेली नसते. आयत्या वेळी धावाधाव करणाऱ्यास उपाशी तरी राहावे लागते किंवा नियम तरी मोडावा लागतो. यास्तव दुपारचे मुख्य भोजन बाहेर घ्यावे आणि चारच्या सुमारास खोलीवर खिचडी करावी. नंतर सर्वांनी किनाऱ्यावर जावे. राधानगरचा किनारा पश्चिमेकडे पाहतो. तेथील सूर्यास्तास तिकीट नाही. ज्या वेळी इतर प्रवाशांचा भोजनाचा व करमणुकीचा मोठा खर्च सुरू होतो, त्या वेळी आपला दिवस प्रतिक्रमणाने संपलेला असतो. सकाळही तशीच लवकर उगवते. नवकारशी पाळणाऱ्यासही डिसेंबरात साडेसहाच्या सुमारास चहा घेता येतो.

तिथी पाळणाऱ्या घरांना आणखी एक लाभ आहे. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास भरती-ओहोटी मोठी, अष्टमीच्या आसपास लहान. शहीद द्वीपावरील खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीच्या वेळीच नीट पाहता येते. मोठ्या ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांच्या डबक्यांतून रंगीत मासे व समुद्रकाकड्या दिसतात. त्यासाठी काचेच्या बोटीचे भाडे भरावे लागत नाही. खडक निसरडे असतात; पायांत घट्ट चपला असाव्यात, आणि पाऊल टाकताना खाली कोणता जीव आहे ते पाहावे. समुद्रात उतरण्यापूर्वी मगरींविषयीच्या सूचनाफलकांकडे लक्ष द्यावे.

येथेच अनर्थदंडाचा विचार येतो. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले मुलांना वेचावेसे वाटतात. शंख व कवडी यांची गणना आपल्याकडे द्वींद्रिय जीवांत होते. रिकाम्या शंखातही दुसरा जीव घर करून असतो. पोवळ्यास शास्त्रात पृथ्वीकायात गणले आहे, तर जीवशास्त्र त्यास सूक्ष्म प्राण्यांनी रचलेले घर म्हणते. कोणत्याही दृष्टीने हात आवरणेच योग्य. कायदाही तेच सांगतो : शंख-पोवळी किनाऱ्यावरून उचलून नेण्यास बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. गळ टाकून मासे पकडण्याचा 'खेळ' व माशांना पाव टाकण्याची हौस, दोन्ही सोडून द्यावीत.

पैसा खर्चण्याजोगे एक स्थळ मात्र चुकवू नये. सेल्युलर जेलचे बांधकाम 1906 मध्ये पूर्ण झाले. मूळच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर येथे 1911 ते 1921 या काळात बंदी होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. प्रवेशशुल्क अल्प आहे. मुलांना घेऊन त्या अरुंद कोठडीत पाच मिनिटे शांत उभे राहावे.

प्रवासाला निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : किती बेटे, कोणती वाहने, कोठे मुक्काम, कोणता आहार. प्रत्येकीपुढे रक्कम मांडावी. हा हिशेब मुलांसमोर झाला, तर बापाच्या 'नको' मागील कारण त्यांना समजते, आणि मर्यादा ही गरिबीची खूण नसून आपण स्वतः आखलेली रेषा आहे, हेही कळते. पुढे दुकान त्यांनाच सांभाळायचे आहे.