गडाचा जीव कशात असतो?

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तट आणि तोफा येतात. तटाची उंची, भिंतीची जाडी यांवरून आपण किल्ल्याची ताकद मोजतो. पण आमच्या पनवेलच्या आसपासचे गड पाहिले की वाटते, हा हिशेब अपुरा आहे. पनवेल-पेण रस्त्यावरून कुठूनही दिसणारा कर्नाळ्याचा सुळका पाहा. आभाळाकडे उचललेल्या अंगठ्यासारखा दिसणारा हा बेसॉल्टचा खडक शंभराहून अधिक फूट उंच आहे. मऊ थर झिजून गेले, कठीण तेवढा उरला. इथे निम्मा तट निसर्गानेच घातला आहे. माणसाने फक्त उरलेल्या फटी बुजवल्या.

युरोपच्या मध्यभागी असलेल्या चेक देशात ट्रोस्की नावाचा एक पडका किल्ला आहे. बेसॉल्टचेच दोन सुळके आणि दोन्हींच्या माथ्यावर एकेक बुरूज. तिथले लोक बुटक्या बुरुजाला ‘म्हातारी’ आणि उंच बुरुजाला ‘कुमारी’ म्हणतात. आमच्या प्रबळगडाशेजारच्या सुळक्याला आपण ‘कलावंतीण’ म्हणतो. दगड सारखा असला की माणसांची कल्पनाही सारखीच धावते, असे दिसते.

मी कविता लिहिणारा माणूस. मला शब्दांत जास्त गोडी. ‘किल्ला’ आणि ‘बुरूज’ हे शब्द अरबीतून आले, ‘तोफ’ तुर्कीतून आली, ‘दरवाजा’ फारसीतून. ‘बालेकिल्ला’ यातले ‘बाला’ म्हणजे वरचा, तेही फारसीच. पण टाके, माची, मेट, कडा हे शब्द इथल्या मातीतले आहेत. गडाच्या रक्षणाची अर्धी शिकवण या दुसऱ्या यादीत आहे.

त्यात पहिले टाके. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आणि धान्याची कोठारे आहेत. शत्रू तट फोडेल तेव्हा फोडेल. तहान मात्र चार दिवसांत दार उघडायला लावते. म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्याआधी पाणी पाहावे असे बजावले आहे. चेक देशातला कार्लस्टाइन हा किल्ला राजा चौथ्या चार्ल्सने 1348 मध्ये बांधायला घेतला. तिथल्या खोल विहिरीला झरा लागला नाही, म्हणून जवळच्या ओढ्याचे पाणी भुयारी पाटाने तिच्यात आणले. 1422 मध्ये हुसाइट सैन्य महिनोन् महिने वेढा घालून बसले, तरी किल्ला पडला नाही.

दुसरी गोष्ट कारभाराची. शिवाजी महाराजांनी प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी नेमले. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. एकटा माणूस फितूर झाला तरी गड जाऊ नये, यासाठी ही व्यवस्था होती.

तिसरी गोष्ट मेट. गडाच्या उतारावरच्या चौक्यांना मेट म्हणत. तिथे रामोशी, कोळी, महार, मांग अशा समाजांतली माणसे रात्रंदिवस पहारा देत. रानातली वाट आणि पानांची सळसळ त्यांच्या ओळखीची असे. गडाचा पहिला तट दगडाचा नव्हता, या माणसांचा होता.

इतके असूनही गड पडतात. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कर्नाळाही होता. तो 1670 मध्ये परत घेतला, तेव्हा मराठे माती आणि फळ्यांचे आडोसे पुढे सरकवत चढले, असे वर्णन आहे. पुढे 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात रायगडही. तोफा लांब पल्ल्याच्या झाल्या होत्या, आणि मदतीला धावून येणारे राज्यच खाली कोसळत होते. एकटा गड फार दिवस लढू शकत नाही. कर्नाळ्याच्या किल्लेदाराच्या घराण्यात, शिरढोणला, 1845 मध्ये वासुदेव बळवंत फडके जन्मले, हेही विसरता येत नाही. गड गेला, पण त्या घरातली लढण्याची ऊर्मी गेली नव्हती.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. आनंदाचीच गोष्ट आहे. त्या यादीत आमचा कर्नाळा नाही, प्रबळगड नाही, इर्शाळगडही नाही. पण इर्शाळगडाचे नाव मला वेगळ्या कारणाने आठवते. 19 जुलै 2023 च्या रात्री त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. 27 मृतदेह हाती लागले. त्याहून अधिक माणसे मातीखालीच राहिली. ती ठाकर आदिवासींची वाडी होती.

जुन्या कारभाऱ्यांना ठाऊक होते, की उतारावरची वस्ती हाच गडाचा जीव असतो. आपण तटाचे चिरे मोजतो, बुरुजांची डागडुजी मागतो, आणि ती मागितलीच पाहिजे. पण त्याच कागदावर पायथ्याच्या वाडीचे नाव, तिच्या पाण्याची सोय आणि तिच्या डोक्यावरच्या डोंगराची तपासणी यांचीही ओळ हवी. गड जपायचा, तर आधी मेटावरची माणसे जपायला हवीत.